एका बाजूची टोपली

पुणे
६ जानेवारी २०२५

प्रिय मासी,

पत्र पाहून घाबरू नको. नोकरी आहे, ताप नाही, जेवते वेळेवर. फोन सोडून कागदावर लिहायचं कारण तूच आहेस. मी फोन लावते, तू 'हॅलो' म्हणतेस आणि फोन बबितावहिनीकडे देतेस, वहिनी शेजारी देते, आणि अर्ध्या तांड्याला 'हो, जेवले' सांगता सांगता माझं बोलणं संपतं. कागद असा फिरत नाही. तो तुलाच वाचावा लागेल.

आमच्या स्टुडिओला नवीन काम मिळालंय. दीपमाला म्हणून गायिका आहे, आपल्या मुकुटबनची. तिचे वडील भीमराज गावोगाव भीमगीतं म्हणायचे. ही पॉप गाते आणि तिच्या कार्यक्रमाला पोरं रांगा लावतात. आता तिचा नवा अल्बम येतोय, 'हात दाखवा', सगळी गाणी एसटीच्या प्रवासाची. अशा गायकांचे चाहते नुसतं ऐकून गप्प बसत नाहीत, त्यांना त्या गाण्याची काहीतरी वस्तू अंगावर मिरवायची असते. बाकीचे गायक टी-शर्ट विकतात. दीपमाला म्हणाली, टी-शर्टचा कंटाळा आलाय, आपल्या जिल्ह्याचं काहीतरी करा, पण असं की घातल्यावर पोरगी आरशासमोरून हलू नये.

मी टोपली सुचवली. भाजीची नाही, आपल्या बंजारा बायकांची. कानाजवळ केसात गुंफलेली, गालावर लोंबणारी, खाली घुंगरू असलेली. चांदीऐवजी कापडाचा छोटासा घुमट करू, त्यावर आपला कशिदा, काचा, कवड्या, आणि वर क्लिप. केसांना लावा, टोपीला लावा, हेडफोनला लावा. सगळ्यांना इतकं आवडलं की साहेबांनी कागदावरच्या चित्राचा फोटो काढून घेतला. हे काम तांड्यातच व्हावं आणि तुझ्या देखरेखीखाली व्हावं, असं माझं म्हणणं आहे. एक नमुना करून पाठवशील?

तुझी,
उज्ज्वला

*

रामधननगर तांडा, ता. दिग्रस
१७ जानेवारी

उजे,

जय सेवालाल. तुह्यं पत्र भेटलं. डोमाजी पोस्टमननं हाती देताना विचारलं, कोर्टाचं आहे काय. म्हणलं, माह्या बहिणीच्या पोरीचं आहे. तं म्हणे, हातानं लिहिलेलं पत्र या तांड्यात लय दिवसानं आणलं, आन् चहा पिऊनच उठला. आता दर पत्रामागं त्याले चहा लागीन. माह्या अक्षराले हासू नोको, चौथीतलं आहे थे, तवापासून वाढलं नाही.

आता कामाची गोठ. टोपली होणार नाही.

तू लहान होती तवा माह्या टोपलीले धरून झोंबत होती, म्हणून तुले थे खेळणं वाटते. खेळणं नाही थे. लग्नाच्या दिवशी सासरच्या बाया केसात गुंफतात, गाणं म्हणत, दोन्ही बाजूले. दुसऱ्या तांड्याच्या माणसालेबी दुरून समजते का हे बाई लग्नाची आहे. आन् नवरा गेला का उतरते. तुह्या मावस्याले जाऊन साहा वर्सं होत आले. माह्या टोपल्या कोणी ओढल्या नाही, मीच काढल्या, डब्यात ठेवल्या.

खरं सांगू? तुहा मावसा गेला थे दुःख तं सगळ्यायनं पाह्यलं. टोपली गेली याचंबी मले दुःख झालं, थे मी कोणापाशी बोलली नाही. बोलली असती तं म्हणाले असते, बुडीले या वयात नटाचं सुचून राह्यलं. पाण्याचा हंडा उचलला का कानापाशी वाजे, थे आता वाजत नाही. अजून सवय झाली नाही मले.

आन् तू म्हणते थेच पोट्ट्यायच्या टोपीले लटकवाचं. तुह्या डोस्क्यात हे भरवलं कोणं? बटवा करतो, कमरेचा पट्टा करतो, मोबाईलची झोळी करतो, काहीबी सांग. नमुन्याले एक बटवा यष्टीच्या पार्सलात घालतो, संगं तिळाचे लाडू. साहेबाले बटवा दे. लाडू तू खा.

मासी

*

पुणे
२७ जानेवारी

प्रिय मासी,

बटवा पोचला. साहेबांनी बटवा ठेवून घेतला आणि लाडूही शोधून काढले, त्यामुळे मला दोनच मिळाले.

बटवा सुंदरच आहे, पण बटवे सगळीकडे मिळतात. दीपमालानं टोपलीचं चित्र पाहिलंय, आता तिला दुसरं काही दिसत नाही. मी काय केलं, जुन्या ओढणीच्या कापडाच्या दोन टोपल्या घरीच शिवल्या. शिवण पाहून तू कपाळाला हात लावशील, पण लांबून बऱ्या दिसतात. त्या लावून फोटो काढलाय, तो वहिनीच्या मोबाईलवर पाठवते. पत्राच्या आधी फोटोच पोचेल. तो पाहा, आणि मग सांग की हे वाईट दिसतं.

मावसा गेला त्या वेळचं तू जे लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्यावर पत्रात काही लिहीत नाही. समोर बसून बोलू.

उज्ज्वला

*

रामधननगर तांडा
३० जानेवारी

उज्ज्वला,

उजी म्हणत नाही, कारण राग आहे.

काल बबिताच्या मोबाईलवर तुहा फोटो आला. दोन्ही बाजूले टोपल्या. खाली अक्षर नाही, एक पिवळं हासरं तोंड फक्त. लगन करून टाकलं आन् मासीले हासरं तोंड पाठवते?

मी तं ओट्यावर बसूनच गेली. सकरीबाईनं चष्मा लावून पाह्यलं आन् अशी बोंब मारली का चहा उकळेपर्यंत अर्धा तांडा अंगणात. माही नणंद कशी आहे तुले माहीत आहे, तिच्या पोटात लाडूबी राहात नाही. तांड्याचा नाईक पूनमसिंग आला. त्यानं फोटो पाह्यला, म्हणे, शिकेल पोरगी आहे, कोर्टात केलं असन, आता झालं थे झालं. आन् दुकानातून गूळ आणून सगळ्यायले वाटला. मंग बायांनी मोबाईल पाटावर ठेवला, त्याले कुंकू लावलं आन् नवरी निघताना रडत रडत म्हणतात थो ढावलो त्याच्यासमोर म्हणला. मोबाईल मधातच झोपे, बबिता बोटानं जागा करे, आन् आम्ही पुन्हा रडो. मी सगळ्यायपेक्षा जास्त रडली. मले वाटलं होतं, तुह्या केसात मी गुंफीन.

आता सांग, पोरगा कोणता? आपला गोर का बाहेरचा? आपला असन तं राठोड तं नाही ना? आपण राठोड, एवढं तरी पाह्यलं का? बाहेरचा असन तं जेवते काय? नाईकाची चिंता करू नोको. गूळ त्यानंच वाटला, आता त्याले मांगं फिरता येत नाही.

तुह्या लग्नाचा घागरा मी दोन वर्सापासून शिवून राह्यली. अर्धा झाला आहे. अर्धाच पाठवू काय?

रामीबाई

*

पुणे
६ फेब्रुवारी

मासी, माझी मासी,

माझं लग्न झालेलं नाही. कोर्टात नाही, देवळात नाही, कुठंच नाही. त्या टोपल्या ओढणीच्या आहेत, माझं पत्र आता पोचलं असेल. पोरगा राठोड नाही, पवार नाही, कारण पोरगाच नाही. घागरा सावकाश शिव.

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं. आधी इतकं हसले की सगळे गोळा झाले. 'माझ्या केसात तू गुंफणार होतीस' तिथं आले आणि रडायला लागले. आता संघर्ष, आमचा फोटोवाला, रोज विचारतो की गूळ उरलाय का. नाईकबाबांची माझ्यातर्फे माफी माग. कुंकू लावलेला मोबाईल चालतोय ना?

पण एक कळलं मला. नुसता फोटो पाहून जिथं अख्खा तांडा ढावलो म्हणतो, ती वस्तू छान दिसते म्हणून मी कोणाच्याही हातात देऊ शकत नाही. तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. दीपमालाला सगळं सांगितलं. ती पण खेड्यातलीच, लगेच समजली. म्हणाली, ज्यांची आहे त्यांनाच विचार. काय काढलं, काय बदललं, तर ती लग्नाची राहणार नाही? तसं काही निघत असेल तर करू, नाहीतर टी-शर्ट.

म्हणून तुला विचारते. तू नाही म्हणालीस तर विषय बंद, परत काढणार नाही.

तुझी बिनलग्नाची,
उजी

*

रामधननगर तांडा
२१ फेब्रुवारी

उजे,

काम सुरू झालं. आता कसं झालं थे ऐक.

सेवालाल महाराजाची जयंती झाली, भोग लागला, आन् लोकं उठाच्या आधी नाईकानं विषय काढला. थो आधीच तापलेला होता. दिग्रसच्या बाजारात त्याले लोकं 'मोबाईलचा व्याही' म्हणून राह्यले. म्हणे, टोपलीचं नाव या तांड्यात कोणी काढाचं नाही. मीबी थेच म्हणणार होती. खरंच सांगतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सकरीबाई बोलली, पोट्टीले रामीनं डोक्यावर चढवलं, रामीच्याच मनात टोपली बसली आहे. मंग मी उभी राह्यली. मी एकडाव उभी राह्यली का बसत नाही, तुले माहीत आहे.

म्हणलं, नाईक, लग्नाची टोपली कशाची? चांदीची. हे कशाची? कापडाची. लग्नाची केसात कोण गुंफते? सासरच्या बाया, गाणं म्हणून. हिले तं कपडे वाळू घालाच्या चिमट्यावानी चिमटा आहे, कोणीबी लावते, कोणीबी काढते. आन् लग्नाच्या दोन राह्यतात. आम्ही एकच करू, डाव्या बाजूची. दुकानात एका माणसाले एकच विकाची, दुसरी मांगतली तं द्याची नाही. दोन झाल्या का लगन झालं, तुम्ही मंग गूळ वाटान. सगळे हासले, नाईकबी हासला, तवा मले समजलं का आपण जिंकून राह्यलो.

तरी त्यानं विचारलं, मंग एका बाजूची घालन कोण? म्हणलं, कोणीबी. बिनलग्नाची? कोणीबी. पोट्टे? कोणीबी. मंग थो उठून उभा राह्यला, रामीबाई, सगळ्यायच्या समोर बोलून राह्यली तू, कोणीबी? म्हणलं, महाराजाच्या झेंड्याखाली बोलून राह्यली, कोणीबी.

आता दुपारी कापूस वेचून आल्या का सगळ्या माह्याच अंगणात. बबिता कापड कापते, मी काचा बसवतो, सकरीबाई कवड्या लावते. हो, सकरीबाई. पयल्या दिवशी नुसती पाहाले आली होती, दुसऱ्या दिवशी सुई घेऊन आली. तिच्या कवड्या वाकड्या बसतात, पण तिले सांगणार कोण? तुह्या दीपमालाचं गाणं दिवसभर लावून ठेवतात. चांगली गाते. पण एकच ओळ किती डाव म्हणते थे? तिले सांग, आमच्या ढावल्यात दर ओळीले नवं रडणं राह्यते.

मासी

*

पुणे
४ एप्रिल

प्रिय मासी,

सगळं पार्सल विकलं गेलं. तू 'एका माणसाला एकच' म्हणालीस ना, साहेबांना वाटलं होतं त्यामुळे नुकसान होईल. झालं उलटंच. दुसरी मिळत नाही म्हटल्यावर लोक पहिलीवर तुटून पडले. पोरांनी टोप्यांना लावल्या, पोरींनी हेडफोनला. दीपमाला स्टेजवर डाव्या बाजूला एकच टोपली लावून आली. मान हलवली की घुंगरू माइकमध्ये वाजायचं. सत्तरीच्या एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. त्यांनी स्वतःसाठी घेतली आणि तिथंच लावली. सकरीकाकीच्या वाकड्या कवड्यांना सगळ्यात जास्त मागणी आहे, पण हे तिला सांगू नको, नाहीतर सरळ लावायला लागेल.

आता पुढचं. २६ एप्रिलला संध्याकाळी दीपमालाचा कार्यक्रम यवतमाळला आहे. तिनं तुम्हा सगळ्यांना बोलावलंय. पोस्टल ग्राऊंडवर पुढच्या रांगेत जागा ठेवते. मधे एका गाण्याला तुम्ही सगळ्या स्टेजवर यायचं, आपापल्या हातची टोपली लावून.

मासी, आता जे लिहिते ते लिहायचं धाडस जानेवारीपासून होत नव्हतं. मी टोपली का सुचवली ते तुला सांगितलंच नाही. मावसा गेला त्यानंतर मी दिवाळीला आले होते. तू बोअरवरून पाणी आणत होतीस. हंडा डोक्यावर ठेवलास आणि तुझा हात आपोआप कानाशी गेला, टोपली सारखी करायला. तिथं काही नव्हतं. तू इकडंतिकडं पाहिलंस, कोणी पाहिलं तर नाही ना. मी पाहिलं होतं. ऑफिसात सगळे कल्पना सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं. तू मला पत्रात लिहिण्याआधीपासून मला ठाऊक होतं.

तू नाईकबाबांना झेंड्याखाली सांगितलंस, कोणीबी. त्या कोणीबीत तू येतेस की नाही?

सोबत एक टोपली परत पाठवते. काचेभोवती दुहेरी टाका आहे, म्हणजे तुझीच. ती मी विकायला दिली नाही.

तुझी,
उजी

*

रामधननगर तांडा
१४ एप्रिल

उजे,

बस ठरली. सगळ्या येऊन राह्यलो. नाईकबी येतो म्हणते, पण मागच्या रांगेत बसन.

टोपली भेटली. डब्यात ठेवली, जुन्या दोघीजवळ. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर कागदावर मांगू नोको.

मासी

*

नागपूर
२८ एप्रिल

मासी,

बस आली, सगळ्या उतरल्या, तू उतरली नाहीस. वहिनी म्हणाली, डोकं दुखतं म्हणून दारव्ह्याला उतरलीस आणि परतीच्या गाडीत बसलीस.

कार्यक्रम छान झाला. सकरीकाकी स्टेजवर नाचली ते तुला कळलंच असेल. दीपमालानं तुझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुझी खुर्ची रिकामी. तिथून आम्हाला लगेच नागपूरच्या कार्यक्रमाला निघावं लागलं, नाहीतर मी तांड्यात आले असते.

मला वाटतं मी फार ओढलं तुला. तुझं जे होतं ते मी उघड्यावर आणलं. तू कळवलं नव्हतंस तरी मी मनात ठरवून टाकलं होतं की तू स्टेजवर येशील आणि मग सगळं नीट होईल. चुकलं माझं. ती टोपली डब्यातच असू दे. आता कधी विचारणार नाही.

उजी

*

रामधननगर तांडा
३ मे

उजे,

डोकं दुखत नव्हतं. बबिताले खोटं सांगतलं.

पूर्ण ऐक. बसमधे सगळ्यायनं टोपल्या लावल्या. सकरीबाईच्या चांदीच्या दोन, वर हे तिसरी, पोळ्याच्या बैलावानी वाजत होती. मीबी लावली होती. पदराखाली. दारव्हा येईपर्यंत कोणाले दिसली नाही. आन् मंग मले आपलाच राग आला. म्हणलं, यवतमाळले जाऊन पदर मांगं घेशीन, तिथं कोण ओळखते तुले? पोट्ट्यायच्या टोपीले आहे, पोट्ट्यायच्या हेडफोनले आहे, त्यायच्यात एक बुडी. लोकं टाळ्या वाजवतीन. तिथं थे फॅशन आहे, रामे. परत येताना दिग्रसच्या अलीकडे काढशीन आन् पिशवीत टाकशीन. म्हणजे परक्या गावात नटली आन् आपल्या गावात भेली. असं चोरून नटाचं नव्हतं मले. साहा वर्सं वाट पाह्यली थे यवतमाळसाठी नाही. म्हणून उतरली. तुहा कार्यक्रम बुडाला, त्याचं वाईट वाटते. पण तू चुकली नाही, रडू नोको.

दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. डाव्या बाजूले. पदर मांगं टाकला, हंडा घेतला आन् बोअरवर गेली. सगळ्या तिथंच, यवतमाळच्या गोठी सांगत. मले पाह्यलं आन् भरलेली घागर कोणी उचलेना, वरून पाणी वाहून राह्यलं. पूनमसिंग नाईक दातण करत उभा होता. म्हणे, रामीबाई, हे काय? भेव तं वाटत होतं, पण तोंड माहं कधी भेत नाही. म्हणलं, एका बाजूची टोपली. कोण घालन म्हणून तुम्हीच विचारलं होतं, महाराजाच्या झेंड्याखाली. त्यानं दातण तोंडातून काढलं. मंग म्हणे, वाजते चांगली. आन् तोंड धुवाले गेला.

सकरीबाई माह्याकडे आली. मले वाटलं आता भांडन, मी कंबर बांधूनच होती. तुहा मावसा तिचा भाऊ होता ना. तिनं माह्या कानाशी हात घातला, चिमटा काढला, पुन्हा लावला. म्हणे, तिरपी लावली होती, बुडे. आन् डोळे पुसत घागर भराले बसली.

आता घुंगरू पाठव. बाजारासाठी नाही. तांड्यातल्या ज्या बायायच्या टोपल्या डब्यात आहे, त्या संध्याकाळी येऊन बसल्या होत्या. सगळ्यायले पाह्यजे. एकेकच, दोन कोणी मांगत नाही. डोमाजीबी मांगते टोपीले, त्याले म्हणलं, आधी चहाचे कप धुऊन दे.

तू उन्हाळ्यात ये. घागरा पुरा झाला आहे. पोरगा कवा भेटन तवा भेटन, तुह्या केसात मीच गुंफीन, आन् सासरच्या बाया काही बोलल्या तं मी उभी राहीन.

त्या सकाळी हंडा उचलून डोक्यावर ठेवला, आन् हात कानाशी गेला. या डावाले होती तिथं. वाजत होती. घर जवळच आहे, पण मी देवळाकडच्या लांबच्या वाटेनं आली.

तुही,
मासी